जुन्या एक्स-बँड रडारमधला थायराट्रॉन काढून आयजीबीटीचा स्टॅक बसवायचाय, मार्गदर्शन हवं

निखिल_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. इंडक्शन हीटिंगचे पॅनल आणि वेल्डिंगचे इन्व्हर्टर दुरुस्त करतो, म्हणजे ५००-६०० व्होल्टच्या वर सहसा हात जात नाही. आता एका प्रशिक्षण संस्थेकडून जुना रडार ट्रान्समीटर आलाय. त्याला अँटेना नाही, सगळी पॉवर वेव्हगाइडच्या डमी लोडमध्ये जिरते, मुलांना दाखवण्यापुरता सेट आहे.

मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी) ४जे५०, पीक २२५ किलोवॅटचा. मोजल्याप्रमाणे त्याला २२ केव्ही आणि २७.५ अँपिअर लागतात. मॉड्युलेटर, म्हणजे त्याला पल्स देणारं सर्किट, जुन्या पद्धतीचा: ५० ओमची पल्स फॉर्मिंग नेटवर्क, म्हणजे पीएफएन (ठरावीक लांबीची पल्स देणारी कॉइल-कपॅसिटरची साखळी), चोकमधून रेझोनंट चार्ज होऊन ११ केव्हीपर्यंत जाते, ५सी२२ थायराट्रॉन (वायू भरलेली, स्विचचं काम करणारी नळी) ती पल्स ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामी करतो. ट्रान्सफॉर्मर १:४. पल्स १ मायक्रोसेकंद, सेकंदाला १०००.

तक्रार अशी की मधूनच थायराट्रॉन पेटतो तो विझतच नाही, आणि एचटी (हायव्होल्टेज) सप्लाय ट्रिप होतो. कधी दहा मिनिटं नीट चालतो, कधी सुरू करताच जातो. संस्थेकडचा शेवटचा स्पेअर घालून पाहिला, तरी तेच. बाजारात मिळतात ते कित्येक वर्षं कपाटात पडलेले, त्यांची खात्री कोण देणार?

म्हणून डोक्यात आलंय की थायराट्रॉनच्या जागी १२०० व्होल्टचे २० आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) सीरिजमध्ये लावावेत. प्रत्येकावर ५५० व्होल्ट येतील, म्हणजे भरपूर मार्जिन. व्होल्टेज सारखं वाटलं जावं म्हणून प्रत्येकाला समांतर रेझिस्टर. गेट ड्राइव्ह २० वेगवेगळ्या पातळ्यांवर कसा द्यायचा, एवढंच अडलंय. कुणी केलंय का असं?

शुभदा_सिलिकॉनकार्बाइड

मी ईव्ही चार्जरमध्ये काम करते, रडारमधलं कळत नाही. पण सीरिज स्टॅकबद्दल सांगते.

समांतर रेझिस्टर फक्त स्विच बंद असताना व्होल्टेज वाटतात. उघड-मीट होताना त्यांचा काही उपयोग नाही, तिथे सगळा खेळ कोण आधी बंद होतो याचा. समजा ११० अँपिअर वाहतायत आणि एक डिव्हाइस बाकीच्यांपेक्षा २० नॅनोसेकंद आधी बंद झाला. त्या वेळात २.२ मायक्रोकूलंब चार्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. त्याची स्वतःची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरडच्या आसपास, म्हणजे तो सरळ अॅव्हलांचमध्ये जाणार, रेटिंगच्या वरच्या व्होल्टेजनं फुटणार. प्रत्येकावर २२ नॅनोफॅरडचा स्नबर (उसळी शोषणारा कपॅसिटर) टाकलास तर तोच फरक १०० व्होल्टवर येतो. त्याचा खर्च डिव्हाइसमागे दोन-चार वॅट, तो परवडतो. पण कपॅसिटरबरोबर रेझिस्टर आणि डायोड लाव, नाहीतर स्विच चालू होताना तो सगळा चार्ज त्याच डिव्हाइसमधून जाईल.

गेटसाठी दोन रस्ते. एक तर प्रत्येक पातळीला फायबर आणि आयसोलेटेड सप्लाय. दुसरा स्वस्त: प्रत्येक गेटसाठी एक रिंग कोअर, आणि सगळ्या कोअरमधून आरपार जाणारी एकच हायव्होल्टेज सिलिकॉन केबल, तोच सगळ्यांचा प्रायमरी. मात्र कोअर आणि केबलमधल्या स्ट्रे कपॅसिटन्सकडे लक्ष दे. ५.५ केव्ही ५० नॅनोसेकंदात हलले आणि मध्ये फक्त १० पिकोफॅरड असले, तरी १ अँपिअरहून जास्त कॉमन मोड करंट तुझ्या गेट सर्किटमध्ये घुसतो.

किंवा तयार स्विच घे. जर्मनीतली बेलके कंपनी असे सीरिज मॉसफेटचे (वेगवान ट्रान्झिस्टर स्विचचे) बंद ठोकळे विकते. किंमत विचारून मग बसून पाणी पी.

बोटीवरचा_वायरमन

रत्नागिरीचा. जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. मला एक कळलं नाही. ११ केव्ही स्विच करायचा हट्ट कशाला? आमच्या २५ किलोवॅटच्या एक्स-बँड रडारमध्ये मॉड्युलेटर म्हणजे पत्र्याच्या डब्यातला एक बोर्ड. काहीशे व्होल्टचा सप्लाय, त्यावर एफईटी (मॉसफेट), आणि पुढे पल्स ट्रान्सफॉर्मर जो मॅग्नेट्रॉनला ८ केव्हीच्या आसपास देतो. सगळे एफईटी जमिनीच्या पातळीला. रेंज बदलली की पल्सची लांबी आपोआप बदलते. थायराट्रॉन मी फक्त खूप जुन्या बोटींवर पाहिले, आणि मधल्या पिढीत एससीआर, म्हणजे थायरिस्टर.

मॉड्युलेटर_म्हातारा

निखिल, पोस्ट वाचली. आयजीबीटी किती, मार्जिन किती, रेझिस्टर कुठं, सगळं लिहिलंयस. मॅग्नेट्रॉन आर्क झाला, म्हणजे त्याच्या आत ठिणगी पडून शॉर्ट झाला, तर काय, यावर एक ओळ नाही. माझी उभी नोकरी ट्रान्समीटरच्या कॅबिनेटमागं गेली, त्यामुळं मला पोस्टमधली तीच गाळलेली ओळ आधी दिसते. तुझं उत्तर पण बहुतेक तिथंच आहे.

आधी हे बघ. शेवटचा स्पेअर घातला तरी तेच, असं तूच लिहिलंयस. मग दोष थायराट्रॉनचा कशावरून?

पडून राहिलेला मॅग्नेट्रॉन आर्क करतोच. आत थोडा वायू सुटलेला असतो, तो चालवत चालवत, हळूहळू व्होल्टेज वाढवत काढावा लागतो. आर्क झाला की २२ केव्हीवर ८०० ओम दिसणारा मॅग्नेट्रॉन एकदम शॉर्ट होतो. पीएफएन रिकामी व्हायला जाते, समोर शॉर्ट दिसतो, लाट उलटून परत येते. आता पीएफएनवर ११ केव्ही उलटे उभे. थायराट्रॉन उलटा वाहत नाही, तो विझतो. पुढच्या चार्जिंगला चोक शून्यापासून नाही, उण्या ११ पासून सुरुवात करतो. तुझा डीसी सप्लाय ५.५ केव्हीचा असणार. रेझोनंट चार्जिंगमध्ये शेवटचं व्होल्टेज म्हणजे सप्लायच्या दुप्पट वजा सुरुवातीचं. ११ अधिक ११, बावीस केव्ही. लॉस धरून थोडे कमी. ५सी२२ चं रेटिंग आहे १६ केव्हीचं. ट्रिगर नसताना तो चार्जिंगच्या मध्येच फुटतो, सप्लायचा करंट चोकमधून थेट त्याच्यात येत राहतो, आणि विझायला त्याला फुरसत मिळत नाही. हीच तुझी तक्रार, शब्दश:.

हे होऊ नये म्हणून पीएफएनला समांतर एक उलटा डायोड आणि त्याच्या सीरिजमध्ये पीएफएनच्या इम्पीडन्सच्या जवळपासचा रेझिस्टर असतो. उलटा चार्ज तिथं जाळायचा. जुन्या सेटमध्ये हा डायोडही काचेचा असतो, फिलामेंटवाला. तो पेटतोय का बघ. रेझिस्टर मध्येच तुटलाय का बघ. थायराट्रॉनला शिव्या नंतर.

(बघायच्या आधी: ब्लीडरवर (कपॅसिटर आपोआप रिकामा करणाऱ्या रेझिस्टरवर) विश्वास नको. मेन काढ, पाच मिनिटं थांब, आधी रेझिस्टर असलेल्या अर्थिंग काठीनं, मग सरळ काठीनं पीएफएन आणि फिल्टर कपॅसिटर दोन्ही जमिनीला लाव, आणि काम संपेपर्यंत काठी तिथंच लटकू दे.)

आता तुझा स्टॅक. समज तू तो थायराट्रॉनच्या सॉकेटमध्ये बसवलास. आयजीबीटीच्या पॅकेजमध्ये सहसा उलटा डायोड असतो. आर्क झाला की थायराट्रॉन उलट्या लाटेला अडवायचा, तुझा स्टॅक तिला वाट देणार. पीएफएन आणि आर्क झालेला मॅग्नेट्रॉन यांच्यात ती ऊर्जा मागं-पुढं झुलत बसेल. शिवाय तुझ्या आयजीबीटीचा सर्वांत मोठा गुण, मनात येईल तेव्हा बंद होणं, तो इथं वापरलाच जात नाही. पीएफएनची पल्स संपली की स्विच आपोआप मोकळा. बंद न होणाऱ्या नळीसाठी रचलेल्या सर्किटमध्ये बंद होणारा स्विच घालणं म्हणजे पैसे देऊन गुण वाया घालवणं. पीएफएन ठेवायचीच असेल तर थायरिस्टर जातीचा स्विच बरा, पण १०० नॅनोसेकंदात ११० अँपिअर म्हणजे मायक्रोसेकंदाला ११०० अँपिअर, आणि साधा एससीआर एवढ्या चढणीला जागच्या जागी एक भोक पाडून घेतो. त्याच्यापुढं सॅच्युरेट होणारा कोअर लावून त्याला पूर्ण उघडायला अर्धा मायक्रोसेकंद द्यावा लागतो.

लोक थायराट्रॉनला जुनाट म्हणतात. पण हिशोब कर. पीएफएन १ मायक्रोसेकंदाची, ५० ओमची, म्हणजे एकूण कपॅसिटन्स १० नॅनोफॅरड. ११ केव्हीला त्यात ०.६ ज्यूल. पल्समध्ये जातात २२ केव्ही गुणिले २७.५ अँपिअर, ६०५ किलोवॅट, एक मायक्रोसेकंद, म्हणजे तेवढेच ०.६ ज्यूल. एका पल्सपुरतीच शिदोरी. ट्रान्सफॉर्मर पूर्ण शॉर्ट झाला तरी करंट ११ हजार भागिले ५०, म्हणजे २२० अँपिअर, आणि ५सी२२ ला ३२५ चालतात. उलटा डायोड शाबूत असेल तर बाकी काहीही बिघडो, मॅग्नेट्रॉनला ०.६ ज्यूलच्या वर मिळत नाही आणि स्विच त्याच्या रेटिंगमध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धात हायड्रोजन थायराट्रॉन आला, त्या काळच्या माणसांनी कंट्रोल सर्किट नसताना सर्किटच्या रचनेतच संरक्षण बसवलं. मला त्याचं अजून कौतुक वाटतं.

पीएफएन काढून मोठा कपॅसिटर आणि उघड-बंद होणारा स्विच लावलास की ही रचना गेली. ५.५ केव्ही, ११० अँपिअर, १ मायक्रोसेकंद. व्होल्टेज पल्सभरात १ टक्क्यापेक्षा जास्त पडू द्यायचं नसेल तर २ मायक्रोफॅरड लागतात. त्यात ३० ज्यूल. पीएफएनच्या पन्नासपट. पीएफएन म्हणजे कळशी होती, हा टाकीला जोडलेला नळ आहे: फुटला तर टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. त्या ३० ज्यूलमध्ये मॅग्नेट्रॉनचा कॅथोडही जाईल आणि तुझे आयजीबीटीही जातील, एका क्षणात आणि एकदमच. सीरिज स्टॅकमध्ये एक शॉर्ट झाला की त्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर, म्हणून दोन-तीन जास्तीचे लावतात. पण आर्कमध्ये स्विच वेळेत बंद झाला नाही तर जास्तीचे किती हे विचारायलाही कोण उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेव. आधी ठरव आर्क झाल्यावर करंट किती वेगानं चढणार, किती वेळात तुला कळणार, किती वेळात स्विच बंद होणार, आणि तोवर करंट कुठवर जाणार. तो आकडा डिव्हाइसनं सोसला पाहिजे. पल्सचा ११० अँपिअर हा दुय्यम आकडा आहे. सरासरी बघशील तर ०.११ अँपिअर, आरएमएस साडेतीन. उष्णतेच्या हिशोबानं टीओ-२४७ पॅकेजचा कुठलाही ट्रान्झिस्टर चालेल असं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो.

आणि ५५० व्होल्टला "भरपूर मार्जिन" म्हणालास म्हणून सांगतो. आमच्याकडं १२०० चा डिव्हाइस ६००-७०० च्या वर सतत उभा करत नव्हतो, त्यामुळं तुझं ५५० म्हणजे बेताचं शहाणपण, चैन नव्हे. ३३०० चा १८०० वर, ६५०० चा ३६०० च्या आसपास, सगळीकडं हीच रीत. कारण वैश्विक किरण. डीसी अडवून बसलेल्या सिलिकॉनला आकाशातून आलेला एक न्यूट्रॉन पुरतो, आणि ब्लॉकिंग व्होल्टेज वाढेल तशी ती शक्यता एकदम उडी घेते. हवामानाचे रडार डोंगरमाथ्यावर असतात. महाबळेश्वरच्या उंचीवर न्यूट्रॉनचा मारा समुद्रकाठाच्या दुपटीहून जास्त. काही बिघाड पावसाळ्यावर, काही कंत्राटदारावर ढकलले जातात, त्यातले किती असे असतील कुणास ठाऊक.

आता वायरमनदादा म्हणतात ते. शंभर टक्के बरोबर, आणि निखिल, तुझ्यासाठी तोच रस्ता आहे. तू इंडक्शन हीटिंगवाला माणूस, तुझा हात जास्त करंट आणि कमी व्होल्टला बसलेला. सीरिजच्या शिडीवर कशाला चढतोस? १ केव्हीवर काम कर. २२ केव्हीसाठी ट्रान्सफॉर्मर १:२२. प्रायमरीत ६०५ अँपिअर. सहा बोर्ड कर, प्रत्येकी १०० अँपिअर, प्रत्येकाचा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा, सगळ्यांचे प्रायमरी एकेका वेढ्याचे, त्याच कोअरवर. गेट ड्राइव्ह सगळे जमिनीला. एखादा बोर्ड २० नॅनोसेकंद मागं-पुढं झाला तरी कुणाच्याही डोक्यावर कोअरच्या १ केव्हीहून फार जास्त येत नाही. व्होल्टेज वाटण्याची भानगड करंट वाटण्याची होते, आणि करंट लीकेज इंडक्टन्स आपोआप वाटून देतो. स्वीडनमध्ये उप्सालाच्या स्कँडिनोव्हा कंपनीनं क्लायस्ट्रॉनचे (मायक्रोवेव्ह वाढवणाऱ्या नळीचे) मॉड्युलेटर याच धर्तीवर उभे केले. उलट अमेरिकेतल्या डायव्हर्सिफाइड टेक्नॉलॉजीज सीरिज आयजीबीटीच्या बाजूच्या, आणि त्यांचंही उत्तम चालतं. पण ते त्यांचं चालतं.

कोअरचा हिशोब सोपा: १ केव्ही गुणिले १ मायक्रोसेकंद, एका वेढ्याला १ मिलिवेबर. डीसी बायस देऊन कोअर उलट्या टोकाला रीसेट केलास तर टेपवाऊंड (पातळ पट्टी गुंडाळून केलेल्या) कोअरमध्ये १ टेस्लाचा पल्ला आरामात मिळतो, म्हणजे १० चौरस सेंटिमीटर. भोसरीत मिळून जाईल. सेकंडरी बायफायलर, म्हणजे दोन तारा जोडीनं, गुंडाळ, त्याच दोन तारांतून मॅग्नेट्रॉनचा हीटर जातो. सगळं ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये.

निखिल_भोसरी

काका, दंडवत. उलट्या डायोडचा फिलामेंट मेलेला निघाला! बाहेरून काच काळी पडलेली, आम्ही त्याला रेक्टिफायर समजून सोडून दिलं होतं. तात्पुरती फास्ट रिकव्हरी डायोडची २० केव्हीची साखळी आणि ५० ओमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर लावला. जुनाच थायराट्रॉन परत घातला. सेट चालतो. मॅग्नेट्रॉन आर्क होतो मधूनमधून, ते डमी लोडच्या बाजूच्या मीटरवर दिसतं, पण सप्लाय ट्रिप होत नाही.

तरी स्पेअर नसल्याने संस्थेला नवा मॉड्युलेटर हवाच आहे, घाई मात्र गेली. १ केव्हीचा रस्ता घेतो. तीन शंका. १ टक्का ड्रूप (पल्सभरात पडणारं व्होल्टेज) एवढा महत्त्वाचा का, ३-४ टक्के चालणार नाहीत? १७०० व्होल्टचे आयजीबीटी मॉड्यूल आमच्याकडे पडलेत, ते चालतील का? आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत केबल किती लांब चालेल?

नाशिककर_इंजि

मध्येच विचारतो. आता सगळे रडार सॉलिड स्टेटच येतात ना? गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर लावा, मॅग्नेट्रॉनच काढून टाका. २२ केव्हीचा प्रश्नच मिटला.

मॉड्युलेटर_म्हातारा

नाशिककर, ते वेगळं सॉलिड स्टेट. तिथं आरएफच ट्रान्झिस्टर तयार करतो, ५० व्होल्टवर. अमेरिकेचं पेव्ह पॉज हे क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारं रडार १९८० च्या सुमाराला असंच उभं राहिलं, अँटेनाच्या एकेका तोंडावर १७९२ लहान ट्रान्समीटर. पण एका ट्रान्झिस्टरला २२५ किलोवॅटचा पीक देता येत नाही, म्हणून पल्स लांब करून ऊर्जा भरून काढतात आणि रिसीव्हरमध्ये दाबतात. ५० मायक्रोसेकंदांची पल्स पाठवली की ती संपेपर्यंत रिसीव्हर बहिरा, म्हणजे पहिले साडेसात किलोमीटर आंधळे. त्यासाठी मध्ये छोटी पल्स पेरावी लागते. नव्या सेटला उत्तम. इथं संस्थेला मुलांना मॅग्नेट्रॉन दाखवायचाय, तो काढून काय दाखवणार?

निखिल, डायोड सापडला, छान. ती साखळी "तात्पुरती" म्हणू नकोस, प्रत्येक डायोडवर रेझिस्टर आणि छोटा कपॅसिटर लावून कायमची कर. आणि मॅग्नेट्रॉन आर्क होत असेल तर व्होल्टेज उतरवून चालव, आर्क विरळ होतील तसं चढव. घाई केलीस तर कॅथोड खराब होतो.

ड्रूप. मॅग्नेट्रॉन रेझिस्टर नाही. एका ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ काही घेत नाही, आणि मग एकदम घेतो. व्होल्टेज भागिले करंट ८०० ओम दिसतं, पण त्या बिंदूभोवतीचा उतार त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे व्होल्टेज १ टक्का पडलं की करंट १० टक्के पडतो. ४ टक्के ड्रूप दिलास तर पल्सच्या शेवटी करंट ४० टक्क्यांनी कमी. आणि करंट बदलला की फ्रीक्वेन्सी सरकते. डमी लोडला कळणार नाही, पण मुलांनी स्पेक्ट्रम अॅनालायझर लावला की पल्सचा स्पेक्ट्रम लोंबलेला दिसेल. सहा बोर्डांचे मिळून ६० मायक्रोफॅरड काही महाग नाहीत, टाक.

मॉड्यूल. नको. ती इन्व्हर्टरसाठी बनलेली. १ मायक्रोसेकंदाच्या पल्समध्ये अर्धा वेळ तर ती पूर्ण उघडण्यातच घालवतील, आयजीबीटीच्या आत चार्ज भरायला वेळ लागतो आणि तोवर त्याच्यावर बरेच व्होल्ट उभे असतात. आणि बंद हो म्हटल्यावरही रेंगाळतात. पाच-दहा मायक्रोसेकंदांची पल्स असती तर म्हटलं असतं लाव. तुला शुभदाताईंच्या दुकानातला माल लागणार, १७०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट.

केबल. केबलच नको, हेच तुझ्या तिसऱ्या शंकेचं उत्तर. १०० अँपिअरचे सहा बोर्ड एकत्र म्हणजे प्रायमरीचं इम्पीडन्स दीड ओमच्या वर थोडं. पल्सची चढण ०.२ मायक्रोसेकंदात हवी असेल तर ट्रान्सफॉर्मरचा लीकेज धरून सगळ्या वाटेचा इंडक्टन्स ०.३३ मायक्रोहेन्रीच्या आत बसायला हवा. एका बोर्डाच्या वाट्याला २ मायक्रोहेन्री. वर-खाली एकमेकांना चिकटून जाणाऱ्या रुंद कॉपरच्या पट्ट्या, मध्ये मायलर, आणि कोअर बोर्डांच्या मधोमध.

पण तो इंडक्टन्स फार कमीही करू नकोस. तोच आर्कच्या वेळी तुझा एकमेव मित्र. ०.३३ वर १ केव्ही म्हणजे मायक्रोसेकंदाला ३००० अँपिअर, बोर्डामागं ५००. आर्क ओळखून बंद व्हायला अर्धा मायक्रोसेकंद लागला तर १०० चे ३५० होतात. बोर्डावर मॉसफेट इतके समांतर लाव की ३५० पीक सोसतील. सिलिकॉन कार्बाइड शॉर्टमध्ये दोन-तीन मायक्रोसेकंदच टिकतो, इन्व्हर्टरच्या आयजीबीटीसारखे दहा नाही, म्हणून गेट ड्रायव्हरमधल्या तयार डिसॅटवर (शॉर्ट ओळखणाऱ्या सर्किटवर) विसंबू नको. प्रत्येक पट्टीवर करंट ट्रान्सफॉर्मर, पुढं वेगवान कंपॅरेटर, आणि कुठलाही एक ओरडला की सहाच्या सहा बंद. ३५० तोडताना गेट हळू उतरव, नाहीतर तोच इंडक्टन्स १७०० च्या वर उसळेल. आणि २२ केव्ही ०.२ मायक्रोसेकंदात चढले म्हणजे मायक्रोसेकंदाला ११० केव्ही. मॅग्नेट्रॉनच्या डेटाशीटमध्ये या चढणीची कमाल मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघ. त्यापेक्षा वेगानं गेलास तर तो भलत्याच मोडमध्ये शिरतो, आणि स्कोपवर ते आर्कसारखंच दिसतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. शेपूट. पीएफएन स्वतः रिकामी व्हायची, आता तू स्विच बंद करणार तेव्हा सेकंडरीच्या स्ट्रे कपॅसिटन्समध्ये आणि कोअरच्या मॅग्नेटायझिंग करंटमध्ये ऊर्जा उरलेली असेल. व्होल्टेज जरासं उतरलं की मॅग्नेट्रॉन वाहणं थांबवतो, मग उरलेलं खाली आणायला कुणी नाही. ते हळूहळू घसरत बसतं आणि तेवढा वेळ मॅग्नेट्रॉन गोंगाट करतो. खऱ्या रडारमध्ये जवळची लक्ष्यं त्यात बुडतात. प्रायमरीवर उलटा डायोड आणि रेझिस्टर लाव, म्हणजे कोअरही पुढच्या पल्सआधी रीसेट होईल.

शुभदा_सिलिकॉनकार्बाइड

काका म्हणतात तसंच, एक भर. समांतर मॉसफेटचे गेट एकाच ड्रायव्हरला जोड, पण प्रत्येकाला स्वतःचा गेट रेझिस्टर दे, आणि सोर्सची वेगळी केल्विन पिन असलेलं चार पायांचं पॅकेज घे. तीन पायांच्या पॅकेजमध्ये सोर्सच्या पायातला इंडक्टन्स गेटलाच मागे ओढतो आणि एवढ्या वेगाला ते जाणवतं. बोर्डाचा नमुना झाला की फोटो टाक, लेआउट बघते.

निखिल_भोसरी

दोघांनाही धन्यवाद. एका बोर्डापासून सुरुवात करतो. मॅग्नेट्रॉन जोडण्याआधी चाचणी कशावर घेऊ?

मॉड्युलेटर_म्हातारा

एका बोर्डाला १० ओमचा नॉन-इंडक्टिव्ह रेझिस्टर लाव, ट्रान्सफॉर्मरशिवाय. १०० व्होल्टपासून सुरू कर, १ केव्हीपर्यंत चढ. १०० अँपिअर स्वच्छ चौकोनी दिसले की रेझिस्टर काढ आणि २ मायक्रोहेन्रीची कॉइल मध्ये घालून मुद्दाम शॉर्ट कर. हवेची कॉइल, कोअर नको, सॅच्युरेट होईल. पुन्हा १०० व्होल्टपासून. करंट कितीला तुटतो आणि ड्रेनवर किती उसळी येते ते प्रत्येक पायरीला लिहून ठेव. पूर्ण १ केव्हीवर शॉर्ट सोसला की मग बाकीचे पाच बोर्ड बनव, त्याआधी पीसीबीची ऑर्डर देऊ नको. नंतर ट्रान्सफॉर्मर, सेकंडरीला ऑइलमध्ये ८०० ओम. तिथंही शॉर्ट करून बघायचा, लहानसा स्पार्क गॅप लावून. मॅग्नेट्रॉन सगळ्यांत शेवटी, आणि पहिल्या दिवशी त्याला निम्म्या पल्सवर, अर्ध्या मायक्रोसेकंदावर चालव. हीटर आधी पूर्ण तापू दे, डेटाशीटमधला वेळ पाळ, आणि पॉवर चढल्यावर हीटरचं व्होल्टेज त्याच कागदात दिलंय तसं उतरव, परत येणारे इलेक्ट्रॉन कॅथोडला स्वतःच तापवतात.